डॅनिश पन्नास आणि आपले अडीच: आकड्यांच्या नावांत दडलेले हिशेब

डॅनिश भाषेत पन्नासाला ‘हॅलत्रेस’ म्हणतात. हे एका लांबलचक शब्दाचे तोडून आखूड केलेले रूप आहे आणि त्या मूळ शब्दाची फोड केली की ‘अर्धा तिसरा, विसांनी गुणलेला’ असा हिशेब हाती येतो. अर्धा तिसरा म्हणजे दोन पूर्ण आणि तिसऱ्याचा अर्धा, म्हणजे अडीच. आणि अडीच विसा पन्नास. साठ म्हणजे ‘त्रेस’, अर्थात तीन विसा. सत्तर म्हणजे ‘हॅलफियर्स’, अर्धा चौथा वीस, म्हणजे साडेतीन विसा. ऐंशी हे चार विसा आणि नव्वद हे अर्धे पाचवे वीस, म्हणजे साडेचार विसा. तीस आणि चाळीस यांची नावे मात्र सरळ दहाच्या पटीतली आहेत, त्यामुळे मोजणारा माणूस चाळीसपर्यंत एका वाटेने येतो आणि पन्नासाला अचानक दुसऱ्याच वाटेला लागतो. शेजारचे स्वीडिश आणि नॉर्वेजियन लोक पन्नासाला ‘पाच दहा’ अशा अर्थाचा साधा शब्द वापरतात. त्यांना डॅनिश मजकूर बहुतांशी वाचता येतो, पण डॅनिश दुकानदाराने किंमत सांगितली की ते अडखळतात.

मराठी माणसाने यावर हसण्याआधी आपला ‘अडीच’ तपासून पाहावा. हा शब्द संस्कृत ‘अर्धतृतीय’ पासून प्राकृतातून झिजत आला आहे आणि त्याचा अर्थ अगदी तोच आहे: तिसरा अर्धा. ‘दीड’ हा ‘द्व्यर्ध’ पासून आला, म्हणजे दुसरा अर्धा. जर्मन भाषेत दीडला ‘आंडरथाल्ब’ म्हणतात आणि रशियनमध्ये ‘पलतरा’. दोन्हींचा अर्थ पुन्हा ‘दुसरा अर्धा’ असाच होतो. जर्मन घड्याळात अडीच वाजले की ‘हाल्ब द्राय’, म्हणजे शब्दशः ‘अर्धे तीन’ वाजतात, आणि जर्मन शिकणारे अनेक मराठी विद्यार्थी ही वेळ साडेतीन समजून तासभर उशिरा पोहोचण्याचा धोका पत्करतात. वास्तविक अडीचच्या पोटात हीच रचना आहे. फक्त ती आता आपल्या कानाला ऐकू येत नाही.

डॅनिश सत्तरचा जोडीदार तर आपल्याकडे आणखी स्पष्ट सापडतो. साडेतीनसाठी जुन्या मराठीत ‘औट’ हा शब्द होता आणि तो ‘अर्धचतुर्थ’ पासून आला. संतवाङ्मयात मानवी देहाला ‘औट हात’ म्हटलेले आढळते, कारण माणसाचा देह स्वतःच्या हाताने साडेतीन हात भरतो असे मानले जाई. जुन्या शाळांमध्ये पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी यांच्या पाठोपाठ ‘औटकी’ पाठ करावी लागे, म्हणजे साडेतीनचा पाढा. औटकी पाठ असलेल्या माणसाला डॅनिश सत्तर समजावून सांगण्याची गरजच पडली नसती: औट विसा सत्तर.

आता हे वीस कोठून आले, याचे उत्तर हातापायांना मिळून वीस बोटे असतात इतके साधे आहे. दहावर आधारलेल्या मोजणीमागे जसे हातांची बोटे आहेत, तसेच विसावर आधारलेल्या मोजणीमागे पायांची बोटेही धरलेली आहेत. बास्क भाषेत चाळीस, साठ आणि ऐंशी ही दोन, तीन आणि चार विसा असतात. जॉर्जियन भाषेत नव्व्याण्णवला ‘चार विसा आणि एकोणीस’ अशा अर्थाचा शब्द आहे. झारखंड आणि आसपासच्या प्रदेशात बोलल्या जाणाऱ्या संथाळीत विसांची मोजणी आहे, आणि ही भाषा ज्या मुंडा कुळातली आहे त्याच कुळातली कोरकू भाषा आपल्या मेळघाटात बोलली जाते. मराठीच्या खेड्यापाड्यांतही जुनी माणसे साठ न म्हणता ‘तीन विसा’ म्हणत असत.

फ्रेंच भाषेत सत्तर म्हणजे ‘साठ-दहा’, ऐंशी म्हणजे ‘चार-वीस’ आणि नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’, त्यामुळे नव्व्याण्णव उच्चारताना ‘चार-वीस-दहा-नऊ’ असा सगळा हिशेबच तोंडाने मांडावा लागतो. फ्रान्समध्ये दहा अंकी फोन नंबर दोन-दोन अंकांच्या जोड्यांत सांगण्याची रीत आहे. सांगणारा ‘साठ’ म्हणाला की ऐकणारा सहा लिहितो, आणि पाठोपाठ ‘बारा’ ऐकू आले की त्याच्या लक्षात येते की हा आकडा बहात्तर आहे. मग सहा खोडून सात करावा लागतो. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडमधल्या फ्रेंच भाषकांनी सत्तर आणि नव्वदसाठी सरळ शब्द ठेवले आहेत. ऐंशीसाठीही सरळ शब्द स्वित्झर्लंडच्या काही भागांत आहे. बेल्जियममध्ये मात्र तिथे ‘चार-वीस’च चालते, आणि याला तर्क विचारण्यात अर्थ नाही. फ्रेंचमध्ये एके काळी विसांची मोजणी ऐंशीच्याही पुढे जात असे, याची खूण पॅरिसमध्ये अजून उभी आहे. राजा नववा लुई याने साधारण १२६० च्या सुमारास तीनशे अंध लोकांसाठी एक आश्रयस्थान काढले आणि आज नेत्ररुग्णालय असलेल्या त्या संस्थेचे नाव ‘कॅन्झ-व्हँ’ आहे, म्हणजे ‘पंधरा-वीस’. पंधरा विसा तीनशे.

विसांची सर्वांत देखणी कहाणी अलास्काची आहे. तिथल्या इनुपियाक भाषेत वीस हा शब्द ‘माणूस’ या शब्दाशी जोडलेला आहे, कारण एका माणसाची सगळी बोटे मोजून झाली की वीस होतात. १९९४ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरच्या काक्टोविक या छोट्या वस्तीतील शाळेत मुलांच्या लक्षात आले की भाषेतले आकडे विसांचे आहेत, पण लिहिण्याची चिन्हे मात्र दहाची आहेत. त्यांनी शिक्षकांच्या मदतीने शून्यापासून एकोणीसपर्यंत वीस नवी चिन्हे बनवली. खाली एककाच्या उभ्या रेघा, वर पाचाच्या आडव्या रेघा, अशी ती रचना आहे. त्यामुळे बेरीज करताना पुष्कळदा दोन चिन्हांच्या रेघा नुसत्या एकत्र केल्या की उत्तराचे चिन्ह तयार होते, जे आपल्या २ आणि ३ यांच्याकडे पाहून कधीच घडत नाही. शाळकरी मुलांची ही चिन्हे २०२२ मध्ये युनिकोडमध्ये समाविष्ट झाली आणि आता ती संगणकावर टंकता येतात.

सर्वांनीच बोटे मोजली असेही नाही. कॅलिफोर्नियातील युकी लोक बोटांऐवजी बोटांमधल्या फटी मोजत, आणि एका हाताला चार फटी असल्याने त्यांची मोजणी आठावर उभी होती. आपल्याकडे अंगठ्याने चार बोटांची पेरे मोजली की एका हातावर बारा होतात. पापुआ न्यू गिनीमधील ओक्सापमिन लोकांनी याहून मोठी झेप घेतली. ते एका हाताच्या अंगठ्यापासून सुरुवात करतात, करंगळीपर्यंत पाच मोजतात आणि मग मनगट, कोपराखालचा हात, कोपर, दंड, खांदा, मान, कान, डोळा असे वर चढत नाकापाशी चौदाला पोहोचतात. तिथून दुसऱ्या बाजूने खाली उतरत दुसऱ्या हाताच्या करंगळीवर सत्तावीस पूर्ण होतात. त्या-त्या अवयवाचे नाव हेच त्या-त्या संख्येचे नाव असते. अमेरिकी संशोधक जेफ्री सॅक्स यांनी १९७८ मध्ये या मोजणीचा अभ्यास सुरू केला तेव्हा त्यांना एक गमतीचा बदल आढळला. या भागात ऑस्ट्रेलियन पौंड-शिलिंगचे चलन येऊन गेले होते आणि वीस शिलिंगांचा एक पौंड होत असल्याने व्यवहार करणारे लोक सत्तावीसपर्यंत न जाता दुसऱ्या बाजूच्या कोपरापाशी, म्हणजे विसाला, थांबून एक फेरी पूर्ण झाली असे धरू लागले होते. अंग तेच राहिले; बाजारामुळे मोजणी मात्र बदलली.

न्यू गिनीच्याच दक्षिण भागातील काही भाषा सहावर मोजतात. तिथे रताळ्यासारखा ‘याम’ नावाचा कंद हे मुख्य पीक आहे आणि त्याची समारंभपूर्वक मोजदाद करताना दोन माणसे प्रत्येकी तीन कंद उचलून एकदम सहा ठेवतात. परिणामी या भाषांपैकी काहींत सहा, छत्तीस, दोनशे सोळा अशा सहाच्या चढत्या घातांना, थेट ४६,६५६ पर्यंत, स्वतंत्र साधे शब्द आहेत. ज्या समाजाला बाहेरचे लोक ‘मागास’ म्हणून मोकळे होतात, त्याच्याकडे सहाच्या सहाव्या घातासाठी एक शब्द असतो, आणि मराठीत त्या संख्येसाठी सबंध वाक्याएवढा उच्चार करावा लागतो. उलट टोकाला ब्राझीलच्या ॲमेझॉन खोऱ्यातील पिराहा ही भाषा आहे. तिच्यात ‘थोडे’ आणि ‘जास्त’ अशा अर्थाचे शब्द आहेत. नेमक्या संख्येचा एकही शब्द नाही, एकसुद्धा नाही, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. तरीही समोर ठेवलेल्या वस्तूंएवढ्याच वस्तू जोडीने मांडणे त्या लोकांना जमत होते. वस्तू झाकून टाकल्यावर आठवणीने तेवढ्याच मांडायला सांगितले की चूक होई. याचा अर्थ त्यांना संख्येची जाण नाही असा नव्हे. नेमकी संख्या मनात धरून ठेवायची असेल तर शब्दाचा आधार लागतो, इतकेच त्यातून दिसते.

मोजणी नेहमी बेरजेनेच होते असेही नाही, आणि याचा पुरावा आपण रोज उच्चारतो. एकोणीस म्हणजे ‘एक उणे वीस’. लॅटिनमध्ये एकोणीस आणि अठरा दोन्ही विसातून वजा करून सांगत. तिच्या पोटी जन्मलेल्या इटालियनने ही वजाबाकी टाकून ‘दहा-आठ’, ‘दहा-नऊ’ असे सरळ शब्द घेतले. इनुपियाकमध्ये नऊ, चौदा आणि एकोणीस या तिन्ही संख्यांची नावे पुढच्या संख्येला एक कमी अशी आहेत. पण वजाबाकीचा मान नायजेरियातील योरुबा भाषेलाच द्यावा लागेल. तिथे अकरा ते चौदा दहात मिळवून होतात, पंधरा ते एकोणीस विसातून वजा करून होतात, पन्नास म्हणजे तीन विसातून दहा गेले, आणि पंचेचाळीस म्हणजे तीन विसातून आधी दहा आणि मग आणखी पाच गेले. या एका शब्दात एक गुणाकार आणि दोन वजाबाक्या आहेत.

मराठीने वजाबाकी निष्ठेने सांभाळली आहे: एकोणतीस, एकोणचाळीस, थेट एकोणनव्वदपर्यंत. नव्व्याण्णवला मात्र ती सुटते. संस्कृतात ‘एकोनशत’ आणि ‘नवनवति’ असे दोन्ही शब्द होते. मराठीने दुसरा उचलला, म्हणून आपण ‘एकोणशंभर’ म्हणत नाही. हिंदी एक घर आधीच सुटते. तिथे एकोणनव्वदलाच ‘नवासी’ म्हणतात, म्हणजे ऐंशीवर नऊ. तमिळमध्ये याच जागी वेगळीच गंमत आहे. नव्वद या अर्थाच्या ‘तोण्णूरु’ मध्ये शंभराचा ‘नूरु’ बसलेला आहे, आणि नऊशे या अर्थाच्या ‘तोळ्ळायिरम’ मध्ये हजाराचा ‘आयिरम’. तमिळ बोलणारा नव्वदला पोहोचला की शब्दात शंभर आधीच आलेले असतात.

यानंतरचा प्रश्न प्रत्येक मराठी पालकाने मुलाचा अभ्यास घेताना स्वतःला विचारलेला असतो: एक ते शंभरपर्यंतची नावे आपल्याकडे इतकी वेडीवाकडी का? चिनी भाषेत दहापर्यंतचे शब्द आले की नव्व्याण्णवपर्यंतची सगळी नावे आपोआप तयार होतात, कारण अकरा म्हणजे ‘दहा एक’ आणि बावन्न म्हणजे ‘पाच दहा दोन’. मराठीत शंभरच्या शंभर नावे जवळजवळ पाठच करावी लागतात. मुळात संस्कृतातली नावे चिनीइतकीच उघड होती. ‘द्वापञ्चाशत्’ म्हणजे दोन आणि पन्नास, हे ऐकताच कळते. पुढे प्राकृत बोलणाऱ्यांच्या तोंडी हे शब्द शेकडो वर्षे झिजले, आणि झीज प्रत्येक शब्दात तिथल्या अक्षरांप्रमाणे वेगळी झाली. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘प’ चा ‘व’ होतो, हा प्राकृताचा नित्याचा नियम आहे. त्यानेच ‘दीप’ चा ‘दिवा’ झाला. या नियमाने ‘द्वापञ्चाशत्’ मधला पन्नास ‘वन्न’ होऊन बावन्न झाला, ‘सप्तपञ्चाशत्’ चे सत्तावन्न झाले. पण ‘षट्पञ्चाशत्’ मध्ये ‘प’ च्या आधी स्वर नसून ‘ट्’ आहे. तो ‘प’ मध्ये मिसळून ‘प्प’ झाला, जोड मिळाल्याने ‘प’ वाचला आणि छप्पन्न झाले. चोपन्नची कथाही अशीच, कारण ‘चतुष्पञ्चाशत्’ मध्ये ‘प’ ला ‘ष्’ चा आडोसा होता. म्हणजे बावन्न आणि छप्पन्न यांच्यातली विसंगती मुलाला छळते खरी, पण तिच्यामागे काटेकोर नियम आहे. फक्त तो दुसरीच्या वर्गात सांगण्यासारखा नाही. सत्तरच्या घरातही हेच झाले: ‘स’ चा ‘ह’ झाला आणि एकाहत्तर, बाहत्तर अशी नावे तयार झाली.

शब्द जितका अधिक तोंडी, तितका तो अधिक झिजतो, आणि आकडे तर बाजारात दिवसभर तोंडी असतात. बोलणाऱ्याला झिजलेला शब्द सोयीचा असतो. ‘सत्तावन्न’ हा एक आटोपशीर घास आहे. शिकणाऱ्याला मात्र तोच महाग पडतो. नव्वदच्या दशकात अमेरिकी आणि चिनी मुलांची तुलना झाली तेव्हा दहापर्यंत मोजण्यात दोघांत फरक दिसला नाही. तो अकरापासून पुढे दिसू लागला, म्हणजे नेमका तिथे, जिथे इंग्रजी नावे वेडीवाकडी होतात. अर्थात यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. डॅनिश माणसे हिशेबात कच्ची आहेत असे कोणी म्हणत नाही.

याशिवाय उच्चाराच्या क्रमाचा एक जुना घोळ आहे. आपण लिहितो २१, पण म्हणतो एक-वीस. डावीकडचा अंक नंतर उच्चारतो. जर्मन, डच आणि अरबी याच पंथातल्या आहेत. कन्नड, तेलुगू आणि तमिळ मात्र वीस आधी आणि एक नंतर म्हणतात, त्यामुळे सोलापुरात घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारे आणि शाळेत मराठी शिकणारे मूल दोन्ही दिशांनी मोजायला शिकते. नॉर्वेमध्ये हा घोळ टेलिफोनमुळे राष्ट्रीय प्रश्न झाला. ऑपरेटरला नंबर सांगताना ‘एक आणि वीस’ ऐकून उलटे अंक जोडले जात, म्हणून टेलिफोन खात्याच्या आग्रहावरून संसदेने ‘वीस-एक’ हा क्रम मान्य केला आणि १९५१ च्या जुलैपासून तो शाळांत आणि सरकारी वापरात आला. त्यानंतर सत्तर वर्षे उलटून गेली तरी जुना क्रम नॉर्वेतून गेलेला नाही.

महाराष्ट्रात हाच विषय २०१९ च्या जूनमध्ये पेटला. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या नव्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबरच ‘वीस एक’, ‘सत्तावीस’ बरोबरच ‘वीस सात’ अशी वाचण्याची रीत दिली होती. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरे असलेली आकड्यांची नावे अवघड जातात, इतर भाषांत सरळ क्रम आहे, आणि जुनी नावे काढून टाकलेली नाहीत, अशी बाजू मांडली. तरीही हा वाद विधानसभेपर्यंत पोहोचला. आकलनासाठी दिलेली पायरी म्हणून ही सूचना वाजवी होती असे मला वाटते. तिच्यावर घेतलेल्या आक्षेपांपैकी खरा मराठी आक्षेप मात्र फार थोड्यांनी घेतला: बोली मराठीत ‘वीस-एक माणसे होती’ याचा अर्थ एकवीस माणसे होती असा होत नाही, सुमारे वीस होती असा होतो. म्हणजे ‘वीस दोन’ पासून ‘वीस नऊ’ पर्यंत सगळे निर्विघ्न आहे आणि घोळ फक्त प्रत्येक दशकाच्या पहिल्याच पायरीवर आहे.

वेल्समध्ये हा वाद असा पेटला नाही, कारण तिथे दोन्ही पद्धतींनी आपापली जागा वाटून घेतली. जुन्या वेल्श मोजणीत अठरा म्हणजे ‘दोन नऊ’, सोळा म्हणजे ‘पंधरावर एक’ आणि एकोणीस म्हणजे ‘पंधरावर चार’. वेल्शची नातलग असलेल्या ब्रेतॉन भाषेत तर अठरा म्हणजे ‘तीन सहा’. शाळांत आज दहाची सरळ पद्धत शिकवतात आणि गणित तिच्यातच होते. घड्याळातली वेळ आणि माणसाचे वय सांगताना मात्र वेल्श भाषक अजूनही जुन्या नावांकडे वळतात. मराठी माणसाने आपल्यापुरता याहून वेगळा तोडगा काढला आहे: भाजीचा भाव तो ‘पंचावन्न’ असा सांगतो, औषधाची मात्रा ‘अडीच’ म्हणून विचारतो, आणि मोबाइल नंबर सांगायची वेळ आली की एकेक अंक सुटा करून, बहुधा इंग्रजीत, सांगून मोकळा होतो.